दोन ते तीनचा तास

सुरुवातीलाच सांगते, मी असल्या गोष्टी मानणाऱ्यांतली नाही. कळंबच्या एका खाजगी शाळेत मी आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. शिकून जे काही हाती आलं त्यातलं एक मी जपून ठेवलंय — कुणी काहीही सांगितलं की आधी "कशावरून?" असं विचारायचं. या सदरातले अनुभव मी नेमानं वाचते आणि खरं सांगायचं तर बहुतेकांना मनातल्या मनात उत्तरंही देऊन टाकते. वारा असेल, अर्धवट झोप असेल, घाबरलेलं मन असेल...

आम्ही ख्रिस्ती आहोत. पण म्हणून मी चमत्कार मानत होते असं समजू नका. रविवारी मंडळीत कुणी साक्ष द्यायला, म्हणजे देवाचा अनुभव सांगायला, उभं राहिलं आणि प्रार्थनेनं ताप उतरला असं म्हणालं, की मी मान खाली घालून बसायचे. मनात यायचं, गोळी पण घेतली असेल की. देव आहे आणि तो ऐकतो, एवढं आईनं लहानपणापासून शिकवलेलं होतं. त्यापलीकडं मी कधी गेले नव्हते.

जे झालं ते दोन वर्षांपूर्वी, जानेवारीत.

आमचं गाव कळंबपासून सात-आठ किलोमीटरवर, येरमाळ्याच्या रस्त्याला. ख्रिस्ती घरं पंधरा. गावाच्या कडेला आमचं मंदिर आहे — आमच्याकडं चर्चला मंदिरच म्हणतात. दगडी भिंती, वर पत्रा, खाली शहाबादी फरशी. दार पूर्वेला आणि उत्तरेला एक लहान खिडकी. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, कळंबला राहतात, त्यांच्याकडं चार गावं आहेत, त्यामुळं रविवार सोडून मंदिर आमच्याच हवाली असतं.

गावात कुणावर मोठं संकट आलं की आम्ही साखळी प्रार्थना धरतो. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, दर तासाला एक माणूस. पुढं टेबलापाशी एक घोंगडी अंथरलेली असते, त्यावर बसायचं. शेजारच्या बापूमामांनी, म्हणजे आमच्या गल्लीतल्या धनगरांनी, स्वतःच्या मेंढरांच्या लोकरीची ती मंदिराला दिलेली आहे. नियम एकच. पुढचं माणूस आल्याशिवाय आधीच्यानं उठायचं नाही. उठला की लगेच दुसऱ्यानं त्याच जागी टेकायचं. "घोंगडी गार पडू द्यायची न्हाय," असं जुनी माणसं म्हणतात. घड्याळं नव्हती तेव्हाचा नियम असावा, पण आजही पाळतात.

या साखळीत दुपारी दोन ते तीन हा तास माझ्या आईचा. आम्ही तिला माय म्हणतो. वीस-बावीस वर्षं तो तास तिचाच होता, कारण सकाळची खुरपणी आटोपून भाकर खाल्ली की तेवढाच वेळ तिला मोकळा मिळायचा. लोकांच्या रानात खुरपून तिनं मला बी.एस्सी. केलं, बी.एड. केलं. वडील मी सातवीत असतानाच गेले.

आणि हीच माय सगळं विसरायला लागली. आधी चूल विझवायला विसरली, मग वार, मग माणसं. लातूरच्या डॉक्टरांनी डिमेन्शिया सांगितला. त्या जानेवारीच्या आधीच्या दोन वर्षांत तिला सकाळ आणि संध्याकाळ यातला फरक कळेनासा झाला होता. माझ्या धाकट्या भावाला, शिमोनला, ती कधी तिचा भाऊ समजायची, कधी पाहुणा. माझं नाव तर तिनं दोन वर्षांत एकदाही घेतलं नव्हतं. प्रार्थना... जी तिनं मला शिकवली ती तिला येत नव्हती. आमेनसुद्धा आपल्याला म्हणावं लागायचं. साखळीच्या यादीतून मात्र तिचं नाव आम्ही काढलं नव्हतं. कुणीतरी हात धरून तिला दोन वाजता मंदिरात न्यायचं, ती घोंगडीवर पाच-दहा मिनिटं बसायची आणि उठून बाहेर यायची. मग नेणारा उरलेला तास बसायचा.

त्या मंगळवारी संध्याकाळी मी ओट्यावर सराव परीक्षेचे पेपर तपासत होते. माय शेजारी होती. तिनं मला विचारलं, कुणाची गं तू? मी सांगितलं. पाच मिनिटांनी पुन्हा विचारलं. असं सहा-सात वेळा झालं असेल. मी चिडले. म्हणाले, लक्षात राहत नाही तर विचारतेस कशाला, बस की जरा गप्प. ती गप्प बसली. मग शाळेतून फोन आला म्हणून मी आत गेले, जाताना फाटकाची कडी लावली नाही. परत आले तेव्हा ओटा रिकामा होता.

त्या वेळचं सगळं मी लिहीत बसत नाही. ज्यांच्या घरातलं माणूस असं हरवलंय त्यांना ते माहीत आहे. शिमोन पिकअप चालवतो, तो गाडी घेऊन निघाला. बापूमामा आणि गल्लीतली पोरं रानं धुंडाळायला गेली, विहिरींत बॅटऱ्या मारून पाहिलं. बापूमामांचा अंदाज होता की म्हातारं माणूस वाट चुकलं की माहेराकडं तोंड करतं. मायेचं माहेर बार्शीच्या अंगाला. शिमोन त्या रस्त्यानं येरमाळ्यापर्यंत दोनदा जाऊन आला. कुठंच काही नाही.

बुधवारी उजाडायच्या आधी रिबेका काकू आमच्या दारात आल्या. रिबेका काकू म्हणजे आमच्या मंडळीतल्या सगळ्यात वयस्कर, मायेच्या मैत्रीण. भांडायच्याही तिच्याशीच. त्या म्हणाल्या, साखळी धरायची, तू यादी कर.

यादी नेहमी मीच करायची, कारण शिकलेली. वर्षअखेरच्या साखळीची यादी माझ्या मोबाईलमध्ये होती. मी तीच उघडली. दोन ते तीनच्या ओळीवर मायेचं नाव. जिच्यासाठी साखळी धरायची ती साखळीत कशी बसणार... मी ते नाव काढलं. डोळ्यांतल्या पाण्यानं अक्षरं पुसट दिसत होती. नाव काढताना मी अख्खी ओळच काढून टाकली. तशीच यादी ग्रुपवर पाठवली, कागदावर उतरवून मंदिराच्या दाराला चिकटवली. एक ते दोन दानियल काका. त्यांच्याखाली थेट तीन ते चार, रिबेका काकू. बारा तासांची यादी अकरा जणांची झाली आणि ते कुणाच्याही लक्षात आलं नाही. मी केलेली यादी गावात कुणी तपासत नाही. हा मान आहे, आणि त्या दिवशी तोच नडला.

माझा स्वतःचा तास आठ ते नऊ होता. मी घोंगडीवर बसले आणि मला एक शब्द सुचला नाही. सारखी मोबाईलकडं बघत होते. डोळे मिटले की विहीर दिसायची. रिबेका काकू माझ्या सोबतीला दारात बसून होत्या. शेवटी मी मागं वळून त्यांना म्हणाले, "काकू, तिला तर आता प्रार्थनापण येत नाही. प्रभूचं नावही विसरलीय. मग तिनं कुणाला हाक मारायची?"

त्या दारातून आत सरकल्या. मग म्हणाल्या, "तिनं न्हाय मारली तर आपुन मारू. साखळी कशाला धरलीय मग?"

मी म्हणाले, मलाही येत नाहीये. माझा विश्वासच हललाय.

"हलू दे. भ्याल्यावर हलतुयच," त्या म्हणाल्या. "तुला शबुद सुचंनात तर नगं बोलू. नुसती जागा धरून बस. इस्तर, उठू मात्र नगं."

माझं नाव एस्तेर. शाळेच्या दाखल्यावर एस्तेर, गावात इस्तर. मायेनंच ठेवलेलं.

मी जागा धरून बसले. प्रार्थना झाली असं मी म्हणणार नाही. नऊ वाजता पुढची बाई आली, तिला जागा दिली आणि मी कळंबला पोलीस ठाण्यात गेले. रात्री तोंडी सांगितलं होतं, आता फोटो आणि लेखी द्यायचं होतं. तिथून सरकारी दवाखाना, मग बसस्टँड. प्रत्येक कंडक्टरला फोटो दाखवत होते. दुपारचं ऊन झालं, पाय उचलत नव्हते. स्टँडवरच्या बाकावर बसून मी वेळ पाहिली — दोन वाजून पंचवीस मिनिटं. तेवढ्यात शिमोनचा फोन आला. त्याला नीट बोलता येत नव्हतं. येरमाळ्याहून एका माणसानं एक फोटो ग्रुपवर टाकला होता, तो फिरत फिरत त्याच्यापर्यंत आला होता. "ताई, मायच हाय. बसलीय. जित्ती हाय."

तो जवळच होता, पावणेतीनच्या सुमाराला पोचला. मी एसटीनं तासाभरानं पोचले. तिथं काय झालं ते मी शिमोनकडून आणि त्या माणसाकडून, दोघांकडून वेगवेगळं ऐकलंय, आणि दोघांचं जुळतं.

येरमाळ्याला हायवेच्या कडेला एक पंक्चरचं दुकान आहे. दुकानाचा मालक साधारण पन्नाशीचा, कपाळाला हळद-कुंकू, तिथल्या येडेश्वरीचा, म्हणजे येडाईचा, भक्त. त्याला इथं मी भाऊ म्हणते. दोनच्या जरा आधी त्याला एक म्हातारी हायवेच्या कडेनं येताना दिसली. अनवाणी, पदर खांद्यावरून लोळतोय, आणि सरळ रस्त्यावरच चाललेली. समोरून ट्रक येत होते. तो ओरडणार, तेवढ्यात ती आपणहून थांबली. त्याच्या दुकानाच्या बाजूला एक लिंब आहे, त्याखाली गेली, जमीन हातानं झाडली, बसली, हात जोडले आणि डोळे मिटले.

त्याला वाटलं येडाईच्या दर्शनाला आलेली कुणी बाई असेल, घरच्यांपासून चुकली असेल. त्यानं पाण्याचा तांब्या नेला. ती डोळे उघडेना. मग त्यानं फोटो काढला आणि ओळखीच्या ग्रुपांवर टाकला. तो फोटो माझ्याकडं आहे. त्यावर वेळ आहे दोन वाजून सात मिनिटं.

शिमोन पोचला आणि धावत जाऊन तिचा हात धरला, तर त्या भाऊनं त्यालाच मागं ओढलं. "थांबा की वो. देवापाशी बसल्यात त्या. उठत्याल," म्हणाला. एका ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवला तर त्याला शिवी घातली — हे शिमोननं मला हसत हसत सांगितलं, त्या दिवसातलं पहिलं हसू ते. मग दोघं लिंबाखाली तिच्यासमोर बसून राहिले. शिमोन रडत होता. मायेचे ओठ हलत होते, आवाज नव्हता.

तीन वाजले आणि तिनं डोळे उघडले. शिमोन म्हणतो त्यानं मोबाईल पाहिला, बरोबर तीन. ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि त्याला म्हणाली,

"झाला माझा तास. चल."

मी पोचले तेव्हा ती दुकानातल्या टायरवर बसून चहात बिस्किट बुडवत होती. मला बघून हसली. कुणाकडंही बघून हसते तशी.

घरी आणलं. गल्ली जमली होती. मी गरम पाण्यात तिचे पाय धरले. तळपायाला काटे, फोड, एका अंगठ्याचं नख गेलेलं. रात्र तिनं कुठं काढली, काय खाल्लं, काही कळलं नाही, आजही माहीत नाही. सतरा-अठरा किलोमीटर ती चालली होती. बापूमामा लांब उभे राहून बघत होते. त्यांनी एवढंच म्हटलं की आमच्या मेंढरालाबी एवढं चालून असं हसू फुटत न्हाय.

सगळे आनंदात होते. आणि रिबेका काकू रागात.

त्यांचं म्हणणं असं की त्या तीनला पाच कमी असताना मंदिरात पोचल्या. मोबाईल घरी चार्जिंगला, त्यामुळं माय सापडल्याचं त्यांना माहीत नव्हतं. बघतात तर दार नुसतं लोटलेलं आणि आत कुणीच नाही. नियम मोडला म्हणून त्यांचं डोकं फिरलं. त्या घोंगडीवर बसल्या, तर घोंगडी गरम. नुकतंच कुणीतरी उठून गेल्यासारखी. बाहेरून पोरं सांगायला आली, माय सापडली, चला. तर ह्या उठल्या नाहीत. माझा तास व्हायचाय म्हणाल्या आणि चारपर्यंत बसून राहिल्या.

आता गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारलं, "दोन ते तीन कोण हुतं? पाच मिन्टं दम धरवंना व्हय? अंगाची ऊब गेली न्हाय अन् उठून पळालं?"

मी म्हणाले थांबा, यादी बघते. मोबाईल काढला... आणि तेव्हा मला माझी चूक दिसली. दोन ते तीन ही ओळच नव्हती.

मी दानियल काकांकडं गेले. दानियल काका एसटीत मेकॅनिक होते, आता रिटायर. चेष्टेखोर माणूस, पण मंदिराच्या बाबतीत कधी थट्टा करत नाहीत. मी विचारलं, काका, तुम्ही दोनला कुणाला जागा दिलीत? ते म्हणाले, तुझ्या मायेला. आणि म्हणता म्हणता त्यांचा चेहरा बदलला.

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. वीस वर्षं त्यांच्यानंतर मायच येते. दोन वाजले की दारात चपला काढल्याचा आणि खाकरल्याचा आवाज येतो, हे उठतात आणि मान खाली घालून बाजूनं निघून जातात, वर बघतही नाहीत. त्या दिवशीही तसेच निघून आले. यादी वाचलीच नव्हती.

"आवाज आला होता का, काका?" मी विचारलं.

"आला म्हणू का कानाला सवय म्हणू, पोरी... मला खोटं बोलायचं न्हाय," ते म्हणाले. "उठलो एवढं खरं. कुणीतरी आल्याशिवाय मी आजवर उठलेलो न्हाय."

आता मी काय केलं ते ऐका, कारण मी सहजासहजी सोडणारी नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी पंधराही घरांत विचारलं. दोन ते तीन मंदिरात कुणी गेलं होतं का? कुणी नाही. आठ-दहा माणसं शोधायला बाहेर होती, बाकीची आमच्या ओट्यावर होती. पोरांना विचारलं, शेजारच्या घरांतही विचारलं. बापूमामांच्या सूनबाई त्या वेळी मंदिरासमोरच्या अंगणात शेवया वाळत घालत होत्या. त्यांनी दानियल काकांना बाहेर पडताना पाहिलं आणि रिबेका काकूंना आत जाताना पाहिलं. मधे कुणी आलं-गेलं नाही. पण त्या शेवयांकडं बघत होत्या, दाराकडं नाही, हेही त्यांनी सांगितलं.

मग रविवारी उपासना झाल्यावर मी शाळेच्या लॅबमधला थर्मामीटर घेऊन मंदिरात बसले. दोन ते तीन. दार पूर्वेला, खिडकी उत्तरेला, त्यामुळं दुपारचं ऊन त्या घोंगडीवर येतच नाही. पत्रा तापतो खरा, पण जानेवारीत खालची फरशी गार असते आणि घोंगडीचा पारा खोलीच्या पाऱ्याबरोबरच राहतो. मग मी स्वतः तासभर बसून उठले आणि दर मिनिटाला हात लावून पाहिला. दहा-बारा मिनिटांत ऊब गेली. म्हणजे रिबेका काकू बसल्या त्याच्या दहा-बारा मिनिटं आधीपर्यंत तिथं कुणीतरी बसलेलं असायला हवं. दानियल काका तर जवळपास तासाभरापूर्वी उठले होते.

कुत्रं असेल, असंही मी म्हणून पाहिलं. रिबेका काकूंनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मी विषय बदलला. "कुत्र्याची ऊब अन् माणसाची ऊब कळत न्हाय का मला? आठ लेकरं वाढीवली," त्या म्हणाल्या.

पाळकसाहेबांना सगळं सांगितलं. मला वाटलं ते लगेच देवदूत म्हणतील. ते म्हणाले, मला माहीत नाही बाई. जे माहीत नाही त्याबद्दल देवाचे आभार मानता येतात, तेवढं करू. त्या दिवसापासून मला पाळकसाहेब जास्त आवडायला लागले.

मायेच्या बसण्याचं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, खूप जुन्या सवयी मेंदूत शेवटपर्यंत टिकतात, नवल नाही. मला ते पटलं. पण मग पुढचे प्रश्न उभे राहतात. तिच्याकडं घड्याळ नव्हतं आणि वेळ कळायची ताकदही नव्हती. दोन वर्षांत ती पूर्ण तास एकदाही बसली नव्हती. आणि त्या दिवशी साखळी चालू आहे हे तिला कुणी सांगितलं? त्याआधी आणि त्यानंतरही, घरी असताना दोन वाजता ती कधी बसलेली नाही. मी बघत असते. रोज.

ती बसली म्हणून सापडली, एवढं मात्र नक्की. चालत राहिली असती तर पुढचा रस्ता चौपदरी आहे.

इथपर्यंतचं मी मंदिरात उभं राहून सांगितलं आहे. साक्ष म्हणून. मी, जी इतरांच्या साक्षीला मान खाली घालायची. पण एक गोष्ट मी तिथं सांगितली नाही, कारण सांगताना रडायला आलं असतं. ती इथं लिहिते.

आठवड्याभरानं मी येरमाळ्याला त्या भाऊंचे आभार मानायला गेले. त्या दिवशी गडबडीत धड बोललेही नव्हते. हरभऱ्याचे हिरवे ढाळे आणि घरचे तिळाचे लाडू नेले होते. भाऊ एका ट्रॅक्टरचं चाक खोलत होते. मला ओळखलं, स्टूल पुसून दिलं, म्हातारीची चौकशी केली. मी सांगितलं, पाय बरे होतायत. मग आम्ही ख्रिस्ती आहोत, त्या दिवशी आमच्याकडं साखळी होती, असं सगळं मी त्यांना सांगितलं. ते पाना हातात धरून शांतपणे ऐकत होते.

"एक विचारू का म्याडम?" ते म्हणाले. "राग नका मानू. तुमच्यात देवाला इस्तर म्हणत्यात का?"

मी म्हणाले, का हो?

ते म्हणाले, पाणी द्यायला जवळ गेलो तेव्हा त्या पुटपुटत होत्या. पुन्हा पुन्हा एकच, इस्तर, इस्तर, माझी इस्तर. मधनंच 'सांभाळ' म्हणायच्या, की पुन्हा इस्तर. मला वाटलं जप करत्यात. येडाईचं नाव घेतो तसं तुमच्यातलं काही असंल. तुमचा भाऊ यायच्या आधी आवाज बंद झाला, मग नुसते ओठ हलत होते.

बाजूनं बार्शीची एसटी गेली, धूळ उडाली. मग मी म्हणाले, "नाही. ते देवाचं नाव नाही. माझं आहे."

भाऊ माझ्याकडं बघत राहिले. मग चाकाकडं वळले आणि पाठमोरे बसूनच म्हणाले, "मग तुमालाच धुंडत हुत्या की त्या."

आम्ही पंधरा घरं, अकरा जणांची साखळी, पोलीस, पिकअप, सगळे मिळून तिला शोधत होतो. मी घोंगडीवर बसून एक शब्द बोलू शकले नव्हते. आणि जिला प्रार्थना येत नाही म्हणून मी रडत होते, ती हायवेच्या कडेला लिंबाखाली बसून माझ्यासाठी विनवत होती. तास धरून. पूर्ण.

घोंगडी कुणी गरम ठेवली, मला माहीत नाही. कुणी सांगू शकलं नाही. शक्य आहे की आमच्यातलंच कुणीतरी गुपचूप येऊन बसलं आणि आजवर बोललं नाही. तसं असेल तर त्यालाही माझा नमस्कार. पण मायेच्या तोंडी माझं नाव कुठून आलं, दोन वर्षांनी, नेमकं त्याच तासाला, हे मला कुणीही विज्ञानातून समजावून सांगावं. मी ऐकायला तयार आहे. थट्टेनं म्हणत नाही. मी अजून "कशावरून?" विचारणारीच आहे. फक्त आता उत्तर मिळालं नाही म्हणून घाबरत नाही.

मायेचं दुखणं वाढलंय. त्यानंतर तिनं माझं नाव पुन्हा घेतलेलं नाही. डॉक्टरांनी पुढचं सगळं समजावून सांगितलंय आणि ते सोपं नाही. शिमोनचं लग्न ठरलंय, येणाऱ्या सूनबाईलाही आम्ही सगळं आधीच सांगितलं. ती म्हणाली, मला चालंल. आमचं बरं चाललंय.

हे लिहिता लिहिता माय उठली आहे. चहा मागतेय. सकाळपासूनचा हा चौथा होईल. ठेवते.